ज्या सालचं त्या साली

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीत गणपतीच्या उत्सवाला एक नियम होता. बाहेरच्या माणसाला तो सांगितला की तो आधी हसायचा आणि मग आमच्याकडे जरा कीव आल्यासारखा बघायचा. यंदाच्या उत्सवात म्हटलेलं गाणं पुन्हा म्हणायचं नाही. पुढच्या उत्सवात नाहीच, पण एरवीही वाडीच्या हद्दीत कुठं नाही. नळावर नाही, झोपाळ्यावर नाही, पोर निजवतानासुद्धा नाही. अनंत चतुर्दशीला गणपती पाण्यात गेला की त्या सालच्या पदांचे सगळे कागद त्याच्याबरोबर जायचे, आणि आम्ही रिकाम्या पाटासारखेच रिकाम्या तोंडानं घरी यायचो.

नियम काकांचा होता. काका म्हणजे माझ्या शेजारच्या खोलीत राहणारे एकटे गृहस्थ. ते वाडीचे मालक नव्हते, उत्सवाच्या कुठल्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. अध्यक्ष आमचे वकीलसाहेब. पण वकीलसाहेब सभेत जे काही ठणकावून सांगायचे ते आदल्या दिवशी काकांनी त्यांच्या कानात सांगितलेलं असायचं.

कानात सांगणं हीच काकांची उभ्या जन्माची नोकरी. वीस वर्षं ते एका नाटक कंपनीत विंगेत पुस्तक धरून उभे राहिले होते. नट अडला की त्याला पुढचा शब्द द्यायचा, तो नटाला पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू येता कामा नये. या वीस वर्षांत त्यांचा खरा आवाज कुठं गेला देव जाणे. कंपनी सुटली तरी ते कुजबुजतच राहिले. भाजीवालीशी घासाघीस कुजबुजत, भांडण कुजबुजत, आरतीसुद्धा कुजबुजत. समोरासमोर उभे राहून ते कधी बोलत नसत. तुमच्या उजव्या खांद्यामागे येऊन, जरा तिरके उभे राहून, छत्री काखेत मारून बोलत. नव्या बिऱ्हाडातल्या बायका दचकायच्या, जुन्यांना सवय झाली होती.

अडलेला माणूस त्यांना बघवत नसे. सत्यनारायणाच्या पूजेत भटजी मंत्रात अडखळले की मागून पुढचा शब्द हजर. समाचाराला आलेला पाहुणा "फार वाईट झालं, पण..." म्हणून थांबला की खांद्यामागून "ईश्वरेच्छा". मी मुलगी बघायला मुगभाटात गेलो तेव्हा माझं वडीलधारं माणूस म्हणून तेच बरोबर होते. काय विचारायचं ते सगळं मी घोकून गेलो होतो. मुलगी समोर येऊन बसली आणि पाटी कोरी झाली. मुलीचे मामा खाकरले. तेवढ्यात उजव्या खांद्यामागून आलं, "पाणी माग." मी पाणी मागितलं, तिनं आणून दिलं, आणि माझा संसार सुरू झाला. काकांचे ओठ हलताना तिनं पाहिले होते, आणि मी रागावलो की अजून ती "पाणी हवं का?" असं विचारते.

मी फोर्टातल्या एका कचेरीत कारकून होतो आणि उत्सवाची पदं रचायचो. माझ्याविषयी माझं मत त्या काळात फार चांगलं होतं. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं जे घडलं त्यात दोष कोणाचा ते शोधत बसायला नको.

उत्सव सुरू झाला तेव्हा नियमबियम काही नव्हता. तोवर वाडीत बाराच्या बारा घरांत बारा गणपती बसायचे, आणि एका घरची आरती दुसऱ्या घरात ऐकू आली तरी कोणी कोणाच्या दारात उभं राहत नसे. मग गणपती घराबाहेर आणून सगळ्यांचा एक बसवायचा, अशी हवा गावोगाव सुरू झाली, आणि आमच्या विहिरीपाशीही सभा भरली. दहा दिवस करायचं काय, असा प्रश्न निघाला. वकीलसाहेब म्हणाले, व्याख्यानं. त्यावर मागची पोरं हळूच उठू लागली. शेवटी दोन व्याख्यानं, एक कीर्तन आणि आमच्या पोरांचा पदं म्हणणारा मेळा, असं ठरलं. सगळं झोकात पार पडलं आणि दहाव्या दिवशी आम्ही वाजतगाजत चौपाटीवर गेलो, तो समुद्र जागेवर नव्हता.

ओहोटी होती. कचेऱ्यांत घड्याळं बघून बसणारे आम्ही, मिरवणूक कधी निघेल आणि कधी पोचेल याचं टिपण केलं होतं, समुद्राला विचारायचं कोणाला सुचलंच नाही. गुडघाभर चिखल तुडवत पार आत गेलो, मूर्ती ठेवली, मोरया केला, आणि मागं वळून बघतो तर देव घोटाभर पाण्यात बसलेले आमच्याकडे बघताहेत. तसेच सोडून येववेना. शेवटी पाणी चढेपर्यंत सगळी वाडी वाळूत बसून राहिली. वकीलसाहेबांचे पंप शू त्या चिखलात गेले ते गेलेच.

दुसऱ्या वर्षी सभेत वकीलसाहेब म्हणाले, "गेल्या वर्षीचा कार्यक्रम उत्तम झाला, तोच पुन्हा ठेवावा." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा काका पहिल्यांदा विहिरीच्या मागच्या बाजूनं पुढं आले आणि अध्यक्षांच्या खांद्यामागे न जाता चक्क मध्ये उभे राहिले. म्हणाले, "देव गेल्या वर्षीचाच ठेवायचा का?"

"म्हणजे?"

"मूर्ती नवी आणता ना? गेल्या वर्षीची बुडवली, म्हणून नवी करावी लागते. मूर्तिकाराचा हात चालू राहतो. गाणं तेवढं का जपून ठेवायचं? तेही बुडवा, म्हणजे नवं करावं लागेल. आणि नवं करायचं म्हणजे नवी माणसं लागतील. तेच ते चौघे दरवर्षी पुढं बसतात, बाकीच्यांनी काय नुसते टाळ कुटायचे?"

ते एवढं लांब बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. कुजबुजत बोलले, म्हणून सगळे श्वास रोखून ऐकत होते. मोठ्यानं बोलले असते तर बहुधा मध्येच कोणीतरी तोडलं असतं.

त्या दिवसापासून काका माणसं शोधत हिंडू लागले. मागच्या चाळीतली कासारीण फुटक्या काचांचं मखर करून गेली. दिवे लागले की त्याच्याकडं बघवत नसे इतकं ते चमके. आमच्या जिन्याखाली भांड्यांना कल्हई लावणाऱ्या म्हाताऱ्यानं पत्र्यावर पावसाचा आवाज काढला आणि कृष्णजन्माच्या आख्यानात यमुनेला पूर आणला. आणि पहिल्या व्याख्यानाला काकांनी कोणाला उभं केलं असेल? आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या कोळणीला. विषय, भरती आणि ओहोटी. वकीलसाहेबांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. "गणपतीपुढं मासळीवाली?" असं दोन घरांतून निघालंही. काका त्या दोघांच्या खांद्यामागे जाऊन काय बोलले ते कळलं नाही, पण दोघंही पुढच्या रांगेत येऊन बसले. कोळीण आधी लाजली, मग पदर खोचून म्हणाली, "दर्याला घरयाल नाय. दर्याला चांद हाय. तुमी आदी चांदाला इचारा, मंग मिरवनूक कारा." त्या सालापासून आम्ही घड्याळाऐवजी चंद्र बघून मिरवणूक काढू लागलो आणि आमची मूर्ती एकदाही चिखलात बसली नाही.

नियमाची सक्ती मात्र कडक. नळावर एखादी पोरगी गेल्या सालचं पद गुणगुणू लागली की काका गॅलरीत येऊन उभे राहायचे आणि दोनच शब्द बोलायचे. "ते गेलं." पोरगी गप्प. मला हे सहन होत नसे. मी रात्रंदिवस खपून पदं लिहायची, मेळ्यातल्या प्रत्येकाला नक्कल करून द्यायची, आणि दहाव्या दिवशी काकांनी वाळूत उभं राहून एकेक कागद परत घ्यायचा आणि लाटेत सोडायचा. माझी अक्षरं डोळ्यांदेखत फुगून पसरायची. एकदा मी तोंडावर बोललो, "काका, हे म्हणजे मूल जन्माला घालून नदीत सोडणं झालं."

त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. मग सांगितलं. त्यांच्या कंपनीत राजकन्येचं काम करणारा एक नट होता. सोळा वर्षांच्या मुलीचं काम तो अठरा वर्षं करत होता. लोक त्याच्यासाठी वेडे होते, म्हणून मालक नाटक बदलेना आणि तो भूमिका सोडेना. शेवटी दात पडले, गुडघे धरले. एका गावी तो नेहमीच्या वाक्याला अडला. वाक्य होतं, "मी अजून फुलायची आहे." काकांनी विंगेतून ते दिलं. त्यानं म्हटलं. आणि सगळं थेटर फिदीफिदी हसलं.

"अडला होता बिचारा," काका म्हणाले. "त्याचं त्याला कळलं होतं म्हणून अडला होता. मी ते वाक्य त्याला द्यायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक मालकाच्या हातात ठेवलं आणि मुंबईला आले. एवढं ऐकूनही माझा राग गेला नाही, हे कबूल करतो. मी एक वही केली होती. सगळी पदं तिच्यात वळणदार अक्षरात उतरवून ट्रंकेत बायकोच्या लुगड्यांखाली ठेवत होतो. पुढंमागं छापून काढू, असा विचार. काकांना याचा पत्ता नाही, अशी माझी समजूत होती. ती वही आज माझ्याकडे नाही, कारण पुढच्या एका अनंत चतुर्दशीला मीच ती माझ्या हातानं पाण्यात सोडली. का, ते सखारामचं सांगितल्याशिवाय सांगता येणार नाही.

सखाराम परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. मालवणकडचा. आमच्या वाडीत पाणी भरणारा गडी त्याच्या गावचा, म्हणून रविवारी तो त्याला भेटायला यायचा. एका रविवारी त्या दोघांचं गावच्या कुठल्या बांधावरून कडाक्याचं भांडण झालं. सगळी वाडी गॅलरीत येऊन बघत होती. काका जिना उतरून सखारामच्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले आणि भांडण संपायची वाट पाहत थांबले. मग म्हणाले, "तू गातोस."

"मी? नाय ओ. मी साचो चालवतंय."

"भांडताना ज्याचा आवाज फाटत नाही तो गाणारा असतो. पुढच्या रविवारी ये."

गिरणीतला माणूस मेळ्याच्या पुढं उभा राहणार म्हटल्यावर पुन्हा कुरकूर झाली, पुन्हा काका खांद्याखांद्यांमागून हिंडले. माझी कुरकूर वेगळी होती. माझी संस्कृत वळणाची पदं याच्या तोंडात बसणार कशी? पण त्या साली निरोपाचं पद मी, का कोण जाणे, साधं लिहिलं होतं. त्याला चाल सुचेना. सखाराम म्हणाला, "माजेकडे एक चाल आसा," आणि डोळे मिटून त्यानं ती धरली. खाली-वर फार न जाणारी, फिरून फिरून त्याच जागी येणारी चाल. ऐकता ऐकता मी माझं पद प्रथमच ऐकतोय असं मला झालं.

नियम मोडून इथं चार ओळी लिहितो.

चौरंगावर दहा दिवस तू, घर हे भरले होते रे
उचलुनि नेता रिता चौरंग, अंगण मागे येते रे

आणि शेवट असा होता:

पाणी तुजला घेइल पोटी, वाळूत आम्ही बसू रे
पुढल्या साली येशिल तेव्हा आम्हीच दारी असू रे

चौपाटीवर चंद्र चांगला वर आला होता. सखाराम गुडघाभर पाण्यात उभा राहून गायला, आणि शेजारच्या वाड्यांचे ढोल एकेक करून थांबले. हे मी रंगवून सांगत नाही. शेवटची ओळ आली. आणि त्यानं ती बदलली. "पुढल्या साली येशिल तेव्हा घरचं कोणी असेल रे." लोक डोळे पुसत होते आणि मी संतापलो होतो. यमक गेलं होतं! पाण्यातून बाहेर आल्याबरोबर मी त्याला धरलं. "अरे, 'बसू'ला 'असू' आहे ना तिथं? 'असेल' कुठून काढलंस?"

तो ओल्या धोतरानं उभा राहून हसला. त्याची बायको बाळंतपणाला गावी गेली होती, आणि मुलगी झाल्याचा निरोप त्याला दोनच दिवसांपूर्वी मिळाला होता. "आमीच असू, असा कसा सांगूचा देवाक? मी खय आसन कोणाक ठावक. पण घरचा कोण तरी आसतलाच मा."

"पद माझं आहे," मी म्हणालो. "पुन्हा असं करू नकोस."

पुन्हा कसलं. काकांनी कागद गोळा केले आणि लाटेत सोडले. त्या हिवाळ्यात गाठीचा ताप शहरात पसरला. लोक मिळेल त्या वाटेनं गावी पळाले, आमची निम्मी वाडी ओस पडली, आणि उरलेल्यांतले कितीतरी गेले. कासारीण गेली. कल्हईवाला म्हातारा गेला. सखाराम परळला त्याच तापात गेला, ते आम्हाला त्याच्या गाववाल्या गड्याकडून महिन्यानं कळलं. माझं त्याच्याशी शेवटचं बोलणं यमकावरून झालं होतं.

पुढच्या श्रावणात एका रविवारी त्याची बायको वाडीत आली. यशोदा तिचं नाव. कडेवर वर्षाची पोर, बरोबर भाऊ. ती गिरणीच्या रीळ खात्यात लागली होती. विहिरीपाशी मी आणि काका उभे होतो. ती म्हणाली, "त्येंचा गाना यंदा एकदा म्हणशात? सगळी सांगतत, बरे गायले. माकाच तेवढा आयकूक गावूक नाय."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तोच काका बोलले. तिच्या खांद्यामागे गेले नाहीत, समोर उभे राहून बोलले.

"ते गेलं, बाई."

"त्ये गेले, ता माका ठावक आसा," ती म्हणाली. "गाना कशाक जावक व्हया?"

काकांनी मान खाली घातली आणि ते जिना चढून गेले. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती निघून गेली.

त्या दिवशी मी त्यांच्या खोलीत जाऊन वाट्टेल ते बोललो. माणुसकी काढली, विंगेत उभं राहून राहून काळीज वाळलं असंही म्हणालो. मेळ्यातले सगळे माझ्या बाजूचे होते. काका शांतपणे ऐकत होते आणि मी अडलो तिथं पुढचा शब्दही देत होते, त्यामुळं मी आणखीच भडकलो. शेवटी ते म्हणाले, "या हिवाळ्यात वाडीतले किती गेले मोज. यंदा सखारामचं पद म्हणू. मग कासारणीचं मखर जपू, कल्हईवाल्याचा पत्रा पुजू. कोणाला नाही म्हणशील? दहा दिवस गेलेल्यांचेच होतील. जे राहिलेत त्यांनी कधी गायचं?"

मी दार आपटून बाहेर आलो. त्या साली मी पदं लिहिली ती रागानं, आणि ती तशीच झाली. उत्सव लहानसा झाला. पाणीवाल्या गड्याला काकांनी डबा वाजवायला बसवलं आणि तो मान खाली घालून चांगला वाजवत होता. अनंत चतुर्दशीला कागद गेले. काकांशी माझं बोलणं बंदच होतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. अंगात काळा अल्पाकाचा कोट, काखेत छत्री. "चल," म्हणाले.

"कुठं?"

"परळला. तिच्याकडे."

"आणि नियम?"

"नियम वाडीचा आहे. परळ वाडीत येतं का?"

मला हसावं की त्यांना मिठी मारावी कळेना. मी कोट चढवला, आणि ते पाठ करून तपकीर ओढत होते तेवढ्यात ट्रंक उघडून लुगड्यांखालची वही आतल्या खिशात सरकवली. माझ्यावर माझा विश्वास होता, पण आठवणीवर नव्हता. घोड्यांच्या ट्रामनं जाता येईल तेवढं गेलो आणि पुढं लालबागेतून चालत.

यशोदेची खोली चाळीच्या टोकाला होती. भाऊ बाहेर गेला होता. तिनं आम्हाला पाट दिले, गूळ-पाणी ठेवलं. पोर जात्याच्या खुंट्याला धरून उभं राहायला शिकत होती. काका पाटावर बसलेच नाहीत. तिला म्हणाले, "तू बस." आणि ती जात्यापाशी बसल्यावर तिच्या उजव्या खांद्यामागे जाऊन तिरके उभे राहिले.

"मला गाता येत नाही," त्यांनी सांगितलं. "यालाही येत नाही. मी शब्द देतो. तू म्हण."

"चाल खयची?"

काकांनी बोटानं छत्रीच्या दांड्यावर ठेका धरला आणि श्वासातल्या श्वासात पहिली ओळ दिली. कुठं सखाराम थांबला होता, कुठं त्यानं दम घेतला, कुठं "अंगण" हा शब्द त्यानं ओढला, तेसुद्धा त्या कुजबुजीत होतं. यशोदेनं दोन शब्द ऐकले आणि तिचा हात आपोआप जात्याच्या खुंट्यावर गेला.

"ही माजी चाल," ती म्हणाली. "दळताना मी म्हणतंय ती. त्येनी हीच गायली?"

काकांच्या मिशा हलल्या. "म्हणजे चाल जुनीच होती तर. मला फसवलं त्यानं."

आणि ती गाऊ लागली. आधी अडखळत, मग सरळ. काका शब्द देत होते, ती गात होती, जातं रिकामंच फिरत होतं आणि पोर आईच्या तोंडाकडे बघत होती. शेवटचं कडवं आलं. "पाणी तुजला घेइल पोटी, वाळूत आम्ही बसू रे." तिनं ते म्हटलं. आणि पुढं काही आलं नाही.

मी वर पाहिलं. काका थांबले होते. ज्यांनी वीस वर्षांत एक शब्द गाळला नव्हता ते ओठ उघडे ठेवून उभे होते. आणि नटानं विंगेकडं बघावं तसे ते बाजूला, माझ्याकडं बघत होते. यशोदेचा हात जात्यावर तसाच राहिला. ती वाट बघत होती.

दुसरा उपाय नव्हता. मी खिशातली वही काढली. त्यांच्यादेखत पानं उलटली, कानापर्यंत तापलो, आणि ओळ वाचून दिली. "पुढल्या साली येशिल तेव्हा आम्हीच दारी असू रे."

काकांनी मान हलवली. खाली वाकून त्यांनी ती ओळ यशोदेला दिली.

"पुढल्या साली येशिल तेव्हा, घरचं कोणी असेल रे."

ती गायली. एकदा, आणि मग कोणी न सांगता पुन्हा एकदा. मग तिनं पोरीला ओढून पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून ती रडली. आम्ही पाणी पिऊन बाहेर आलो.

लालबाग येईपर्यंत मी मान वर केली नाही. वही खिशात होती, पण आता ती लपवून काय उपयोग? काका ओरडतील, निदान "ते गेलं" म्हणतील, म्हणून मी वाट बघत होतो. ते छत्री टेकत चालले होते. आणि चालता चालता माझ्या डोक्यात ती ओळ पुन्हा आली. सखारामची ओळ. मी दिलेली नव्हती ती. वहीत नव्हती ती. ती एका रात्री, एकदाच, गुडघाभर पाण्यात म्हटली गेली होती, आणि मी, जो त्याच ओळीवरून त्याच्याशी भांडलो होतो, तिला पुरता विसरून गेलो होतो.

मी रस्त्यात थांबलो. "काका, तुम्ही अडला नव्हता. वही मीच काढावी म्हणून थांबला होता."

ते दोन पावलं पुढं जाऊन थांबले. तपकिरीची डबी काढली, चिमूट ओढली, रुमालानं नाक पुसलं. मग परत आले आणि माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले.

"तुझा आवाज मोठा होता," ते म्हणाले. "तिलाही ऐकू गेला."